परदेशी शहरात फील्डवर्कची सुरुवात : पहिला महिना कसा घालवायचा?

मृगबाग | 4 जून | यावल

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली. मानववंशशास्त्रात पीएचडी करते आहे आणि ऑगस्टमध्ये वर्षभरासाठी टांझानियातल्या दार-एस-सलामला जाणार आहे. विषय आहे तिथला केळीचा बाजार. किलिमांजारोच्या उतारावरून आणि दक्षिणेकडच्या रुंग्वे भागातून ट्रक भरून केळी दारला येतात, शहरातल्या बाजारांत उतरतात आणि तिथून डोक्यावर टोपली घेऊन फिरणाऱ्या बायांपर्यंत पोचतात. आपल्याकडे केळी म्हणजे पीक आणि फळ. तिकडे बऱ्याच घरांत ते जेवण आहे, हिरवी केळी शिजवून खातात. आमच्या घरी तीन पिढ्या केळी लावतात, म्हणून हा विषय मनात बसला.

आराखडा मंजूर झाला, प्रश्नावली तयार आहे (64 प्रश्न), स्वाहिलीचे धडे चालू आहेत. पण पहिल्या दिवशी सकाळी उठून नेमकं कुठे जायचं, कोणापुढे उभं राहायचं आणि काय म्हणून उभं राहायचं, हे कुठेच लिहिलेलं सापडत नाही. ज्यांनी असं काम केलंय, किंवा ज्यांच्या गावात कोणी असं काम करायला आलं होतं, त्यांनी कृपया लिहा.

अमळनेरकर मास्तर | 4 जून

मुली, तुझ्या आधी याच विद्येसाठी एक मराठी बाई परदेशी शहरात गेली होती. 1920चं दशक संपता संपता इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेच्या विचाराचे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताला आपल्या मोजमापात आधार मिळत नाही, असं त्याच्याच शहरात बसून मांडलं. पुढे त्या महाराष्ट्रभर पायी आणि बसने हिंडल्या. माझ्या लेखी त्या हिंडण्याइतकंच ते बर्लिनचं धैर्य मोठं आहे. जे दिसलं तेच लिहायचं, समोर कोणीही असो.

आणि दूर कशाला जायचं, धुळ्याला जाऊन राजवाडे संशोधन मंडळ बघून ये. इतिहासाचार्य राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव फिरले. लोक दप्तरं सहजासहजी दाखवत नसत. ओट्यावर बसून राहावं लागे. 1926 साली धुळ्यातच ते गेले. तुझं काम वेगळं, पण बसून राहणं तेच.

कळण्याची भाकरी | 4 जून

ताई, राहणार कुठे? एकटी का? बाजार पहाटेचा असेल तर जाणार कशी? आधी हे ठरव, मग प्रश्नावली.

तापीकाठ | 5 जून

मृगबाग, मी सुरतेला उधना-लिंबायत भागात दीड वर्ष काम केलं. विषय होता कापड गिरण्यांत आणि लूमवर काम करणारे आपले खान्देशी लोक. परदेश नव्हता, भाषाही आपलीच. तरी पहिले तीन आठवडे माझ्या हाती काहीच लागलं नाही. का, ते सांगतो.

मी वही उघडून विचारायचो, ‘तुम्ही कोणत्या साली आलात, महिन्याला किती मिळतं?’ लोक उत्तर द्यायचे आणि संपायचं. एका संध्याकाळी शिरपूरकडचे एक आबा म्हणाले, ‘तू इतलं इचारस, पन तू कोना पोऱ्या शे ते सांगं नहीं.’ तू इतकं विचारतोस, पण तू कोणाचा मुलगा ते सांगितलं नाहीस. मी गाव सांगितलं, वडील एसटीत होते ते सांगितलं, आईचं माहेर पारोळ्याकडचं ते सांगितलं. पाऊण तास तेच मला विचारत होते. माझा पगार, लग्न का नाही, शेती कोण बघतं. वहीत मी एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच आबांनी मला चार खोल्यांत नेऊन ‘आपला पोऱ्या’ म्हणून बसवलं.

माझ्या अनुभवात फील्डवर्क तिथून सुरू होतं. लोकांना आधी तुम्हाला कुठेतरी बसवावं लागतं: कोणाची, कुठली, इथे कशाला. ते झाल्याशिवाय त्यांनी दिलेलं उत्तर हे अनोळखी माणसाला दिलेलं उत्तर असतं. तेव्हा ती 64 प्रश्नांची प्रश्नावली सुटकेसच्या तळाशी ठेव, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काढ. तोवर त्यातले निम्मे प्रश्न चुकीचे होते हे तुझं तुलाच कळलेलं असेल. पहिल्या महिन्यात त्यांच्या प्रश्नांची उत्तरं दे. पूर्ण दे, खरी दे.

नोंदींचं मात्र कडक ठेव. दिवसा वहीत फक्त शब्द टिपायचे: नाव नको, खूण चालेल. रात्री झोपण्याआधी सविस्तर लिहायचं, आणि लिहून होईपर्यंत त्या दिवसाबद्दल फोनवर कोणाशी बोलायचं नाही. बोललं की गोष्ट तयार होते, आणि मग आपण घडलेलं विसरून ती गोष्टच लिहून ठेवतो. कोण कुठे बसलं होतं, कोणी कोणाला आधी चहा दिला, कोणी बोलायचं थांबवलं, हे लिही. ‘वातावरण मैत्रीपूर्ण होतं’ असलं वाक्य सहा महिन्यांनी काही उपयोगाचं नसतं.

अजून एक सुचवतो. निघायला दोन महिने आहेत. त्यातले आठ दिवस सावदा-रावेरला जा आणि घरची मुलगी म्हणून न जाता केळी कशी भरतात ते परक्यासारखं बघ. जे तुला माहीतच आहे असं वाटतं, तेच लिहून काढ. मग इथे येऊन सांग.

पाडा धडगाव | 6 जून

मी दुसऱ्या बाजूचा. आमचा पाडा धडगाव तालुक्यात, आम्ही पावरा आदिवासी. शहरातले, परदेशातले बरेच अभ्यासक आमच्याकडे येऊन गेले. दोघांसाठी मी दुभाष्या म्हणून फिरलो, त्यामुळे मनातलं लिहितो.

पहिले आले त्यांनी माझ्या आजीला तीन दिवस विचारलं. जन्म, लग्न, देव, आजारपण, मेलेली मुलं. आजी रडली, त्यांनी ते रेकॉर्ड केलं. नंतर पत्र नाही, फोन नाही, फोटोची प्रत नाही. आजी चार वर्षं विचारायची, ‘तो पोरगा पोचला का घरी?’ तिला त्याची काळजी होती. काठी गावच्या होळीला तर रात्रभर तोंडावर कॅमेरे असतात. नाचणाऱ्याला घाम पुसायची जागा राहत नाही.

दुसऱ्या बाई आल्या त्या पहिल्या दिवशी माझ्या आईबरोबर पाण्याला गेल्या. हंडा नीट धरता येईना, आईने शिकवलं. पाच महिने राहिल्या. जाताना पाड्यावर सगळ्यांना बसवून वहीतलं वाचून दाखवलं, मी आमच्या बोलीत सांगत गेलो. दोन ठिकाणी लोक म्हणाले हे लिहू नका, त्यांनी आमच्यासमोर खोडलं. अजून सणाला फोन येतो.

ताई, तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या आहात, मनाने चांगल्या वाटता. एवढंच मागतो की तिथल्या बायांना नाही म्हणायची जागा ठेवा. कागदावर सही घेतली की परवानगी मिळाली असं समजू नका. दर वेळी विचारा.

मृगबाग | 6 जून

पाडा धडगाव दादा, हे मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं आहे. आजींबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

दार ते धरणगाव | 9 जून

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं दारमध्ये होतो, आता परत धरणगावला. संशोधनातलं मला कळत नाही, शहराचं सांगू शकतो.

कागद आधी. संशोधनाचा परवाना कॉस्टेक नावाच्या सरकारी विज्ञान आयोगाकडून मिळतो, स्थानिक संस्थेशी जोडून घ्यावं लागतं, शिवाय राहण्याचा परवाना वेगळा. तो कागद हातात आला म्हणजे झालं असं नाही. तो घेऊन प्रांताच्या कार्यालयात जायचं, तिथून जिल्हा, तिथून वॉर्ड, तिथून ‘म्ता’ म्हणजे मोहल्ल्याचं कार्यालय. प्रत्येक ठिकाणी खालच्यासाठी पत्र मिळतं. आपल्याकडे कलेक्टर कचेरीपासून तलाठ्यापर्यंत उतरावं तसं. लोक याला कटकट म्हणतात. माझ्या मते तुमच्यासाठी हाच पहिला महिना आहे. मोहल्ल्याच्या अध्यक्षाच्या बाकावर दोन तास बसलात की भाडेकरूचं भांडण, कोणाच्या मयताची वर्गणी, कोणाचा दाखला, सगळं समोरून जातं.

नमस्कार घाईत उरकायचा नाही. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणायचं, ते ‘मरहबा’ म्हणतात. ‘तुमचे पाय धरते’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात, म्हणजे आपलं पाया पडणंच. दारात उभं राहून ‘होडी’ म्हणायचं, आतून ‘करीबू’ आलं की मगच पाऊल टाकायचं. काम करणाऱ्याजवळ गेलात तर ‘पोले ना काझी’. तुम्ही कष्ट करताय त्याची मला जाणीव आहे, असा काहीसा भाव. याला मराठीत शब्दच नाही. मी परत आल्यापासून शेतात सालदाराजवळ गेलो की तो मनात येतो.

शब्द बरेच ओळखीचे भेटतील. गाडीला गारी, पैशाला पेसा, लाखाला लाकी, विम्याला बिमा, दुकानाला डुका. चपाती तर चपातीच. रिक्षाला बजाजी म्हणतात, कंपनीचंच नाव पडलं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात घरचं वाटतं आणि तिथेच फसायला होतं, कारण वेळ त्यांची वेगळी. दिवसाचं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, रात्रीचं सूर्यास्तापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपल्या घटकाही उगवतीपासूनच मोजायचे ना, तसं. दर वेळी खात्री करून घ्या.

आता जरा अवघड गोष्ट. तिथे तुम्ही ‘म्हिंडी’ असाल, भारतीय. तुम्ही यावलच्या की कुठल्या, हे नंतर. शंभर-सव्वाशे वर्षं तिथे भारतीय म्हणजे दुकानदार, घरमालक. 1967 साली राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंनी समाजवादाचा अरुशा जाहीरनामा काढला, 1971मध्ये भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या, त्यात बऱ्याचशा भारतीयांच्या होत्या. पुष्कळ कुटुंबं तेव्हा देश सोडून गेली. ती आठवण दोन्ही बाजूंना आहे. तुम्ही बाजारात उभ्या राहिलात की आधी वाटणार, ही घाऊक खरेदीला आलेली. तुम्ही कोणाच्या नाहीत असं होणार नाही, तिथे जागा आधीच ठरलेली आहे.

राहायला भारतीय वस्तीत सोय होईल, उपांगा, किसुटू वगैरे. पण तुमचा विषय बघता स्वाहिली घरात खोली घ्या. मधे बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे सामायिक अंगण, प्रत्येक खोलीत वेगळं कुटुंब. घरापुढे बसायला कट्टा असतो, त्याला ‘बराझा’ म्हणतात. आपला ओटाच.

कळण्याची भाकरी | 9 जून

वाचून जीव थोडा भांड्यात पडला. जेवणाचं काय?

दार ते धरणगाव | 9 जून

मावशी, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. भात, महाराग्वे म्हणजे राजमा, आणि मचिचा म्हणून आपल्या तांदुळजासारखी पालेभाजी असते, खोबऱ्याच्या दुधात करतात. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा असतो, उगाली. मात्र केळीचं ‘म्तोरी’ मांस घालून करतात. ताई, नाही खात तर पहिल्याच दिवशी सांगा. लाजून ताट पुढे घेऊन मग तसंच ठेवलं तर वाईट दिसतं.

मृगबाग | 2 जुलै | यावल

तापीकाठ सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. सावद्याला मैत्रिणीच्या आत्याकडे राहिले आणि आठ दिवस रोज पहाटे केळी भरण्याच्या ठिकाणी जाऊन बसले.

मला वाटलं होतं काय नवीन दिसणार. कांदेबाग, मृगबाग (केळी लावायचे दोन हंगाम), पील, कमळ, घड, फणी, बोर्डाचा भाव, हे शब्द मी बोलायला शिकले तेव्हापासूनचे. पण हे सगळे शब्द बागेच्या मालकाचे आहेत. गाडी भरणाऱ्या टोळीतल्या माणसांचे शब्द मला येत नव्हते. ट्रकमध्ये केळीच्या पानांचा थर देणारा माणूस वेगळा आणि त्याची कला वेगळी, हे मला माहीत नव्हतं. थर चुकला तर दिल्लीला पोचेपर्यंत खालचा माल काळा पडतो. आमच्या बागेतून वर्षानुवर्षं घड नेणाऱ्या लोकांपैकी एकाचंही गाव मला सांगता आलं नाही. एक काका म्हणाले, ‘तू पाटलांची ना? तुझ्या लग्नाची केळी काढायला आम्हीच येऊ.’ त्यांना माझं घर माहीत होतं, आजोबांचं नाव माहीत होतं. मला त्यांचं काहीच माहीत नव्हतं.

त्या रात्री फार वेळ झोप लागली नाही. मी घरचं ज्ञान घेऊन चालले आहे असं आराखड्यात लिहिलं होतं. ते वाक्य काढून टाकलं.

तापीकाठ | 2 जुलै

आता जा. तयारी झाली.

आणि तिकडे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खोलीबाहेर पडूच नये असं वाटेल, ते येतंच. ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून लोकांत राहण्याची रीत ज्याने या शास्त्राला घालून दिली, त्या मॅलिनोव्स्कीची खासगी रोजनिशी 1967 साली छापली गेली. त्यात एकटेपणा आहे, चिडचिड आहे, कादंबऱ्या वाचत दडून बसणं आहे, तिथल्या लोकांबद्दल नको तसे उद्गारही आहेत. लोकांना धक्का बसला. मला मात्र ते वाचून उधन्यातल्या माझ्या खोलीतल्या दुपारी आठवल्या. अशा दिवशी एकच काम ठरवायचं: त्याच टपरीवर जाऊन एक चहा प्यायचा आणि परत यायचं. तेवढं झालं तरी दिवस वाया गेला नाही.

नानाभो | 3 जुलै

ताई, तू जाय बिनघोर. मन्हा मोठा पोऱ्या सुरतले शे, त्यानी माय बी सुरवातले अशीच रडे. लिखत ऱ्हाय आठे.

मृगबाग | 21 सप्टेंबर | दार-एस-सलाम

मंडळी, पाच आठवडे झाले. इथे विजेचा आणि नेटचा भरवसा नसतो, म्हणून एकदम लिहिते.

पत्रांचा प्रवास तीन आठवडे चालला. दार ते धरणगाव दादा, तुम्ही म्हणालात तसा मोहल्ल्याच्या कार्यालयातला बाक माझा झाला. तिथल्या अध्यक्षांनी माझं पत्र वाचलं, मग मला वाचून दाखवायला लावलं, माझ्या स्वाहिलीतल्या चुका सुधारल्या, आणि शेवटी विचारलं, ‘तुझी आई जिवंत आहे का? तिला तू इथे आहेस हे मान्य आहे का?’ मी आईला फोन लावून दिला. ते स्वाहिलीत बोलले, आई मराठीत. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळलं नसेल, पण फोन ठेवल्यावर त्यांनी शिक्का मारला. खोलीही त्यांनीच बघून दिली. सहा खोल्यांचं घर आहे, पुढे बराझा.

केळी माबिबोच्या बाजारात उतरतात. वेळेची सूचना मिळालेली असूनही चूक केलीच. घाऊक विकणाऱ्या एका मामांनी सांगितलं, ‘सा कुमी’ला ये. कुमी म्हणजे दहा. मी दहाला पोचले. सगळे ट्रक रिकामे, जमीन झाडून झालेली. त्यांचे दहा म्हणजे पहाटेचे चार. मामा बसून चहा पीत होते. रागावले नाहीत, पण म्हणाले, ‘तू येशील म्हणून एक गाडी थोडी थांबवली होती.’ मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी त्यांच्या भाच्याला बजाजी घेऊन साडेतीनला बोलावलं, तेव्हापासून तोच नेतो.

अंधारात बॅटरीच्या उजेडात घड उतरतात. घडाला इथे ‘म्कुंगू’ म्हणतात. सावद्यासारखंच केळीच्या पानांचा ओला वास येतो. त्या वासाने पहिल्या दिवशी पोटात कालवलं, तिथेच एका गोणीवर बसले. पन्नाशीतल्या एक मामा (इथे आईच्या वयाच्या बाईला ‘मामा’ म्हणतात, पुरुष मामांशी गल्लत करू नका) शेजारी येऊन बसल्या. त्या किरकोळ विकतात. म्हणाल्या, ‘पोले.’ मग विचारलं, विकत घ्यायला आलीस का? नाही म्हटलं. दुकान आहे का? नाही. मग? म्हटलं, माझ्या घरीही केळी लावतात. त्यांचा विश्वास बसेना. म्हिंडी लोक शेती करतात, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मी मोबाइलवर बागेचा फोटो दाखवला. त्यांनी चार जणींना बोलावलं.

तेव्हापासून रोज त्याच मला विचारतात. झाडाला टेकू कशाचा देता, पावसाळा कधी, तुमच्याकडे हिरवी केळी कोणी का शिजवत नाही. मी सांगते. परवा त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे घड डोक्यावर नेतात की खांद्यावर? बाया नेतात का? आणि पैसे घडामागे मिळतात की दिवसाचे?’ इथे त्यांचा मुलगा घडामागे पैसे घेतो आणि पाठ दुखते म्हणतो.

खांद्यावर, एवढं मी सावद्याला पाहिलं होतं. बाकीचं पक्कं सांगता येईना. आठ दिवस बसूनही पैशांचा प्रश्न मी विचारला नव्हता, मला संकोच वाटला होता. मी त्यांना म्हटलं, विचारून सांगते. कोणी सावदा-रावेरचं वाचत असेल तर कृपया विचाराल का? अंदाजाने नको, त्यांनाच विचारून.

सावदा स्टेशन रोड | 23 सप्टेंबर

ताई, आज पहाटे जाऊन विचारून आलो. मी इथलाच, पण मीही पहिल्यांदाच विचारलं.

खांद्यावर नेतात, खाली गोणपाटाची घडी ठेवतात. या टोळीत बाया घड वाहत नाहीत. पैसे वजनावर, गाडी भरून झाली की टोळीत वाटून घेतात. दिवसाचे नाहीत आणि घडामागेही नाहीत, त्यामुळे घड मोठा असला तरी त्यांना चालतो. पाठीचं विचारलं तर मुकादम म्हणाला, ‘पाठ नाही, मान जाते. एकाच खांद्यावर सवय लागते.’ त्यांनी शर्ट बाजूला करून दाखवलं, उजव्या खांद्यावर गाठ आली आहे. नवीन पोराला ते दोन्ही खांदे बदलायला शिकवतात. तिकडच्या मुलाला तेवढं सांगा, असं त्यांनी मुद्दाम सांगितलंय.

आणि त्यांनी विचारलंय, तिकडे गाडीत पानं कोण लावतं?